व्हिडिओ खेळांच्या धंद्यांतील विलीनीकरण : तारक कीं मारक?

मोठा मासा लहान माशाला गिळतो, हा न्याय व्यापाराला नवा नाहीं. गिरण्या, आगगाड्या, तेलाचे कारखाने या साऱ्यांच्या इतिहासांत तो दिसून येतो. परंतु व्हिडिओ खेळ ही वस्तु कापडासारखी नव्हे. माग एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेले तरी ठाण विणलें जातेंच. खेळ मात्र निम्मा यंत्राचा आणि निम्मा कल्पनेचा. लेखक, चित्रकार, संगीतकार व गणिती यांच्या दीर्घ सहवासांतून तो जन्मास येतो. म्हणून या धंद्यांत एका कंपनीनें दुसरी विकत घेतली म्हणजे नेमकें काय विकत घेतलें जातें, हा प्रश्न श्रोत्यांनीं प्रथम मनांत धरावा.

विलीनीकरणाची बाजू अगदींच लंगडी आहे असें नव्हे. मोठा खेळ रचावयास शेंकडों माणसें व कित्येक वर्षें लागतात, आणि एक खेळ पडला तर स्वतंत्र कंपनी बुडूं शकते. श्रीमंत मालक हा धक्का सोसूं शकतो. जपानांत स्क्वेअर व एनिक्स या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या २००३ सालीं एक झाल्या. तरी दोघींच्या प्रसिद्ध खेळमाला पुढें चालूच राहिल्या. मायक्रोसॉफ्टनें २०१४ सालीं अडीच अब्ज डॉलर देऊन स्वीडनची मोजांग कंपनी घेतली. तिचा ‘माइनक्राफ्ट’ हा खेळ नव्या मालकानें प्रतिस्पर्ध्यांच्या यंत्रांवरून काढून घेतला नाहीं, आणि २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींवर प्रती खपल्या. २०१९ सालीं त्याच मालकानें डबल फाइन ही लहान कंपनी घेतली. पैशाअभावीं जे प्रसंग गाळावे लागले असते ते ‘सायकोनॉट्स २’ या खेळांत ठेवतां आले, असें तिच्या प्रमुखांनींच सांगितलें.

आतां दुसरी बाजू. अमेरिकेच्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीनें १९९२ सालीं ओरिजिन, १९९५ सालीं बुलफ्रॉग व १९९८ सालीं वेस्टवुड या नामांकित संस्था विकत घेतल्या. २००१ सालीं बुलफ्रॉग, २००३ सालीं वेस्टवुड आणि २००४ सालीं ओरिजिन बंद झाली. खेळांचीं नांवें मालकाकडे राहिलीं; तीं नांवें ज्यांनीं मोठीं केलीं तीं माणसें पांगलीं. नाटकमंडळी फुटली म्हणजे पडदे, पेट्या व पोषाख लिलांवांत कोणीही घेऊं शकतो. मंडळी मात्र लिलांवांत मिळत नाहीं. येथेंही तेंच घडलें.

यामागील कारण दुष्टपणाचें नसून हिशेबाचें आहे. भारी किंमत देऊन घेतलेली संस्था ती किंमत लौकर फेडील अशी अपेक्षा असते. मग नव्या कल्पनेपेक्षां जुन्या यशाची पुढची आवृत्ति अधिक सुरक्षित वाटूं लागते. खरेदी उसन्या बळावर झालेली असेल तर धोका अधिकच. स्वीडनच्या एम्ब्रेसर समूहानें थोड्या वर्षांत अनेक संस्था घेतल्या. २०२३ सालीं सुमारें दोन अब्ज डॉलरांचा अपेक्षित करार फिसकटला, आणि काटछाटींत तीस वर्षें जुनी व्होलिशन ही संस्था बंद पडली.

सर्वांत मोठें उदाहरण ॲक्टिव्हिजन ब्लिझर्डचें. मायक्रोसॉफ्टनें ती ६८.७ अब्ज डॉलरांस घेण्याचें जानेवारी २०२२ मध्यें जाहीर केलें. अमेरिकेच्या व्यापार आयोगानें दावा लावला, पण जुलै २०२३ मध्यें न्यायालयानें मनाई हुकूम नाकारला. ब्रिटनच्या स्पर्धा मंडळानें आधीं परवानगी नाकारली; इंटरनेटवरून खेळ पुरविण्याचे हक्क युबिसॉफ्टकडे सोंपविण्याचें ठरल्यावर ती दिली. ऑक्टोबर २०२३ मध्यें व्यवहार पुरा झाला. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ हा खेळ सोनीच्या यंत्रांवर दहा वर्षें देण्याचा करारही झाला. ग्राहकाचें रक्षण झालें, असें तेव्हां वाटलें.

पुढें काय झालें? जानेवारी २०२४ मध्यें मायक्रोसॉफ्टच्या खेळविभागांतील १,९०० जणांस कामावरून कमी करण्यांत आलें. महासाथीनंतर सारा धंदाच मंदावला होता व इतरांनींही माणसें काढलीं, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. परंतु मे महिन्यांत टँगो गेमवर्क्स ही जपानी संस्थाही बंद करण्याचें जाहीर झालें. ‘हाय-फाय रश’ या तिच्या खेळाची वर्षापूर्वींच सर्वत्र वाहवा झाली होती! त्याच ऑगस्टांत कोरियाच्या क्राफ्टननें तिला आसरा दिला, हें तिचें नशीब. ग्राहकासही झळ लागलीच: ऑक्टोबर २०२५ मध्यें गेम पासची सर्वांत वरची वर्गणी अमेरिकेंत महिना २० डॉलरांवरून ३० डॉलरांवर गेली.

यावरून निष्कर्ष असा निघतो कीं, सारीं विलीनीकरणें एका मापानें मोजतां येत नाहींत. अडचणींतील लहान संस्थेला धीराचा मालक मिळाला तर तें तारक. दोन बलाढ्य कंपन्या एक होऊन निवडीचा मार्ग अरुंद झाला तर तें मारक. आजचे कायदे मुख्यतः भाव व स्पर्धा पाहतात. कारागिरांच्या मंडळीचें काय होणार, हें विचारण्याचें काम बहुधा मागें पडतें. तें काम शेवटीं खेळणाऱ्यांवरच येऊन पडतें. एकट्या एरिक बरोननें रचलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ २०१६ सालीं निघाला आणि लाखों घरांत पोंचला. मोठ्या मालकावांचूनही उत्तम खेळ निर्माण होतो, याचा एवढा पुरावा पुरे. घरांत मुलांसाठीं खेळ घेतांना खोक्यावरील मोठें नांव पाहण्याबरोबरच तो खेळ कोणीं रचला हेंही पाहण्याची संवय लागली, तर या कलेचे कारागीर टिकतील.