कंबर दुखते म्हणजे नेमकं काय दुखतं?

एसटीत खिडकीशी बसून कॉलेजला निघालेल्या आणि नाईट संपवून हॉस्टेलकडे पाय ओढत चाललेल्या सगळ्या सिस्टर-ब्रदरना नमस्कार.

गेल्या काही दिवसांत जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंगच्या पोरापोरींचे बरेच मेसेज आले. सगळ्यांचं एकच म्हणणं, "मॅडम, हाडं, स्नायू, नसा यांचे आजार पाठच होत नाहीत. सगळ्यात दुखतं, सगळ्यात मुंग्या येतात. ओळखायचं कसं?" म्हटलं, आज पुस्तक जरा बाजूला ठेवू. आपल्या बीड जिल्ह्यातल्या ओपीडीत सगळ्यात जास्त ऐकू येणारं एकच वाक्य घेऊ आणि त्यावरच बोलू. ते वाक्य म्हणजे, "सिस्टर, कंबर लई दुखतीय."

आधी माझी चूक सांगते.

नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. एप्रिल महिना, ऊसतोडीच्या टोळ्या नुकत्याच परतलेल्या. ओपीडीत गर्दी अशी की श्वास घ्यायला जागा नाही. तिशीतली एक बाई आली. "कंबर धरलीय, एक सुई टोचा, बरं वाटतंय मला सुईनं." डॉक्टरांनी डायक्लोफिनॅक लिहून दिलं, मी टोचलं. पुढचा नंबर.

तिसऱ्या दिवशी तिला जीपमधून उचलून आणली. दोन्ही पायांत जोर नाही आणि आदल्या रात्रीपासून लघवी तुंबलेली. सोबत सासू होती. ती म्हणाली, "आली तवाच तिला बसायच्या जागंला बधिर लागत व्हतं. पण कुणी इचारलंच न्हाई."

कुणी म्हणजे कोण? मीच की. डॉक्टरांच्या टेबलाशी तिला अर्धा मिनिट मिळाला असेल, पण सुई भरताना, जागा पुसताना ती माझ्यासमोर दोन मिनिटं उभी होती. त्या दोन मिनिटांत मी एक प्रश्न विचारला असता तर दोन दिवस वाचले असते. पुढं मोठ्या रुग्णालयात तिचं ऑपरेशन झालं. ती आज चालते, पण लघवीसाठी तिला स्वतःच नळी घालावी लागते. आजचा भाग त्या दोन मिनिटांबद्दल आहे.

आता ही कंबर दुखते कशानं, ते बघू. तुमच्यापैकी कितीतरी जणांचे आईवडील तोडीला जातात, त्यामुळे हे मी तुम्हाला काय सांगणार! दसरा-दिवाळी झाली की वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार इथल्या वाड्या-तांड्यांवर म्हातारी आणि लेकरं उरतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली, म्हणून खाडा परवडत नाही. ऊस बुडख्यातून तोडायचा म्हणजे कमरेत पूर्ण वाकायचं. मग पाचट सोलायचं, वाढं छाटायचं, मोळी बांधायची, आणि तीस-चाळीस किलोची ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. असं पाच-सहा महिने, रोज.

आता हेच शरीरशास्त्रात बघा. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते, तिला आपण डिस्क म्हणतो. माणूस पुढं वाकला की गादी पुढच्या बाजूनं दाबली जाते आणि तिच्यातला मऊ गर मागं ढकलला जातो. मागच्याच बाजूला नसांची मुळं आहेत. एकदा वाकल्यानं काही होत नाही. पण वाकून, वळून, ओझं उचलून हजारो वेळा तेच केलं की गादीचं बाहेरचं कवच फाटतं आणि गर नसेवर येतो. लोक म्हणतात "नस दबली". ते अगदी बरोबर म्हणतात.

मग सगळ्यांचीच नस दबलेली असते का? नाही. आणि इथंच विचारायचं कसं ते येतं. आपल्या मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत बघा. ठणका, कळ, चमक, आग, मुंग्या, बधिर, गोळा येणे, उसण भरणे. पेशंट जो शब्द वापरतो तो जसाच्या तसा केसपेपरवर लिहा. त्या शब्दातच अर्धं निदान असतं.

ढोबळमानानं तीन गट करा.

पहिला गट स्नायूंचा. "उसण भरली", "कंबर धरली", "ठणकतंय". दुखणं कमरेतच, फार तर कुल्ल्यापर्यंत. हललं की वाढतं, टेकलं की कमी होतं. बहुतेक कंबरदुखी याच गटातली असते आणि काही आठवड्यांत बरी होते. इथं आपलं काम धीर देण्याचं. "आठ दिवस पडून राहा" असं सांगू नका. झेपेल तेवढं चालतं-फिरतं राहिलेलं माणूस लवकर बरं होतं.

दुसरा गट नसेचा. "चमक निघते", "कळ पोटरीत उतरते", "पायाला मुंग्या". दुखणं गुडघ्याच्या खाली जातं, आणि खोकलं, शिंकलं की वीज गेल्यासारखं होतं. ही सायटिका. पेशंटला उताणं झोपवा, गुडघा सरळ ठेवून टाच धरून पाय हळूहळू उचला. तीस ते सत्तर अंशांच्या मध्ये चमक गुडघ्याखाली गेली तर नसेचा संशय घ्या. मग दोन सोप्या गोष्टी करून बघा. टाचांवर चालायला सांगा, चवड्यांवर चालायला सांगा. टाचांवर चालताना पाऊल उचलत नसेल तर बहुधा एल-फाइव्हची नस, चवड्यांवर उभं राहता येत नसेल तर एस-वनची. व्हायवाला विचारतातच हे, पण व्हायवापुरतं ठेवू नका.

तिसरा गट म्हणजे घंटा वाजवायची. मी चुकले तो हाच. पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाला नसांचा घोड्याच्या शेपटीसारखा जुडगा असतो, त्यावर दाब आला की कॉडा इक्वायना सिंड्रोम. हे प्रश्न तोंडपाठ करा: लघवी नीट होते का, कळते का? संडासवर ताबा आहे का? घोड्यावर बसलं की जो भाग खोगिराला टेकतो, तिथं बधिर वाटतं का? दोन्ही पायांतला जोर कमी झालाय का? एकाचं जरी उत्तर गडबडीचं आलं, तर लगेच डॉक्टरांना सांगा, रेफरची तयारी करा. ऑपरेशन जितकं लवकर, विशेषतः पहिल्या ४८ तासांत, तितकी लघवीवरचा ताबा परत येण्याची शक्यता जास्त. हे तास आपल्या खिडकीपाशी वाया जातात.

यातच आणखी एक. रात्री पडल्यावरही न थांबणारी कंबरदुखी, सोबत बारीक ताप, वजन उतरणं, असं असेल तर मणक्याचा टीबी डोक्यात येऊ द्या.

बाई हे आपणहून सांगत का नाही? कारण तिला लाज वाटते. भोवती दहा माणसं उभी असताना "लघवी होते का" असं मोठ्यानं विचारलं तर ती "व्हतीय की" म्हणणारच. पडदा ओढा. पडदा नसेल तर तिला भिंतीकडं घ्या, आवाज खाली करा. "मावशी, मी सगळ्यांनाच विचारते" असं म्हणा. मग ती बोलते.

आता जरा जड विषय. २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर गाजलं, ते ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांच्या ऑपरेशनांमुळं. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे सहा जणींत एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे.

मी हा आकडा आज का काढतेय? कारण त्या काळात ज्या बायका बोलल्या, त्यांच्या तक्रारी ऐका. पोटात दुखतं, अंगावरून पांढरं जातं, पाळीचा त्रास, आणि कंबर दुखते. मोळी वाहून दुखणारी कंबर पिशवी काढून कशी थांबेल? उलट, कमी वयात पिशवीबरोबर अंडाशयंही काढली की इस्ट्रोजेन एकदम कमी होतं आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. म्हणजे कंबरदुखीसाठी केलेलं ऑपरेशन पुढं हाडांचंच दुखणं घेऊन येतं. म्हणून हिस्ट्री घेताना विचारा: पिशवीचं ऑपरेशन झालंय का, कितव्या वर्षी, अंडाशयं आहेत का? आणि एखादी म्हणाली, "कंबरंसाठी पिशवी काढाय सांगितलीय", तर निर्णय आपला नाही हे खरं, पण सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्या, एवढं तर आपण सांगूच शकतो.

आता सुईबद्दल. आपल्याकडं "सुई टोचा" म्हणजे कुल्ल्यावर. त्याच कुल्ल्यातून सायटिक नस जाते. जागा चुकली तर कंबर दुखते म्हणून चालत आलेला माणूस पाऊल लोंबकळत घरी जातो. त्यामुळं व्हेंट्रोग्लुटिअल जागा शिका. तळवा मांडीच्या हाडाच्या वरच्या उंचवट्यावर, तर्जनी कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकावर, मधलं बोट मागं फाकवलेलं, आणि त्या दोन बोटांच्या मधोमध सुई. टोचताना पेशंट "पायात करंट गेला" म्हणाला तर औषध ढकलू नका, सुई लगेच बाहेर.

आणि गोळ्यांचं विचारा. फडात पाणी कमी, संडासची सोय नाही म्हणून बायका आणखी कमी पाणी पितात. त्यात उपाशीपोटी रोज दुखण्याची गोळी. पोटात अल्सर होतो, किडनीवर ताण येतो. "दुकानातून आणून रोज किती गोळ्या खाता?" हा प्रश्न रागावून नाही, सहज विचारा.

शेवटचं, दुखणं मोजायचं कसं? पुस्तकात शून्य ते दहाची पट्टी आहे. आपल्या मावशीला ती कळत नाही. मी विचारते, "काल रुपयाभर दुखत होतं, तर आज किती आणे?" लगेच उत्तर येतं, "बारा आणे हाय अजून." बारा आणे म्हणजे दहातले साडेसात. लिहा चार्टवर. मार्गो मॅकॅफरी नावाच्या अमेरिकन नर्सनं १९६८ मध्येच मांडलं होतं की पेशंट सांगतो तेच त्याचं दुखणं. ही मांडणी एका नर्सची आहे, हे ध्यानात ठेवा. सहन करायची सवय असलेली बाई बारा आणे म्हणते, तेव्हा ते बाराच असतात. आपण त्याचे चार करायचे नाहीत.

उद्यासाठी अभ्यास: वॉर्डात किंवा ओपीडीत कंबरदुखीचा एक पेशंट निवडा. तिचा शब्द लिहा, कळ कुठपर्यंत जाते ते लिहा, लघवीचं विचारा, टाचांवर-चवड्यांवर चालवून बघा. दोन मिनिटं लागतात. घड्याळ लावून बघा हवं तर.

आणि हो, घरी आई तोडीवरून आली असेल तर पहिला पेशंट तीच. तिला कुणी विचारलेलं नसतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर पेशंट उचलताना स्वतःची कंबर सांभाळा, गुडघ्यात वाका. नमस्कार.