चित्र, काव्य आणि आपली लेखणी
(साक्री येथील धम्मबांधवांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



धम्मदीक्षा घेतल्यावर आपण घरातील देव्हारे उतरविले. ज्या भिंतीवर कालपर्यंत देवदेवतांच्या तसबिरी होत्या, तेथे आज भगवान बुद्धांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा आहे. हे योग्यच झाले. परंतु त्या प्रतिमांसमोर बसून आपली मुले काय गातात, याचा विचार कोणी करीत नाही. पुष्कळ घरी जुन्या आरतीची चाल आणि जुनाच भाव ठेवून केवळ नावे बदललेली आढळतात. तथागतांना अवतार ठरविणारी, बाबासाहेबांपाशी गाऱ्हाणे घालणारी पदे त्यातूनच निपजतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत बुद्धाला विष्णूचा अवतार मानण्याचा स्पष्ट इन्कार आहे. एका तोंडाने प्रतिज्ञा घ्यावयाची आणि त्याच तोंडाने अवताराचे गाणे म्हणावयाचे, याचा अर्थ इतकाच की देव्हारा भिंतीवरून उतरला, पण गाण्यात बसूनच राहिला.

मग नवे लिहावयाचे कसे? आमच्यापाशी परंपरा नाही, असे आमचे शिकलेले तरुणही म्हणतात. ही समजूत निव्वळ अज्ञानाची आहे. खानदेशाच्या वेशीवर अजिंठा उभा आहे. जळगावहून तेथे सहज जाता येते. आपल्यातील कित्येकजण तेथे सहलीस जाऊन, दिपून परत येतात. माझे म्हणणे असे की, तेथे दिपून जाण्यापेक्षा वाचावयास जावे.

सोळाव्या लेण्यात एक प्रसिद्ध चित्र आहे. एक स्त्री आसनावर मान टाकून बसली आहे, भोवती दासी आहेत, आणि जवळच एक सेवक मुकुट हातात घेऊन उभा आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अभ्यासकांनी हिला ‘मरणोन्मुख राजकन्या’ असे नाव दिले. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी या चित्राची मुक्तकंठाने स्तुती केली. पण ही स्त्री मरत नाही. ती तथागतांचा भाऊ नंद याची पत्नी सुंदरी होय, असे पुढे अभ्यासकांनी ओळखले. नंद भिक्षू झाला आणि त्याचा मुकुट घरी परत आला, तो हा क्षण आहे. ही कथा महाकवी अश्वघोषाने ‘सौंदरनंद’ या काव्यात गायिली होती. त्या काव्याची हस्तलिखिते नेपाळात राहिली आणि हरप्रसाद शास्त्री यांनी ते १९१० साली छापून प्रसिद्ध केले. म्हणजे चित्र भिंतीवर होते, काव्य मात्र आपल्या देशातून दिसेनासे झाले होते. काव्य हरवले की चित्राला परका मनुष्य वाटेल ते नाव देतो. ज्या समाजाने आपली कथा स्वतः लिहून ठेवली नाही, त्याचेही असेच होते, हे आपल्याला निराळे सांगावयास नको.

काव्य आणि चित्र यांचे नाते अजिंठ्यात याहूनही जवळचे आहे. दुसऱ्या लेण्यात क्षांतिवादी जातकाच्या चित्राशेजारी आर्यशूराच्या ‘जातकमाले’तील श्लोकच रंगाने लिहिलेले आहेत. आणि षड्दंत हत्तीची कथा पाहा. ती इसवी सनापूर्वी दहाव्या लेण्यात एकदा रंगविली गेली, आणि सुमारे पाच शतकांनंतर सतराव्या लेण्यात पुन्हा. नंतरच्या चित्रकाराने जुन्या चित्राची नक्कल केली नाही. कथा तीच घेतली, परंतु डोळा आपला लावला. आरतीतील नावे बदलणाऱ्यांनी हे अवश्य पाहावे.

हे काम केवळ पंडितांचे होते असेही नाही. चाळीसगावच्या बाजूने डोंगर चढून गेल्यास पितळखोऱ्याची लेणी लागतात. तेथील यक्षाच्या हातावर घडविणाराचे नाव कोरले आहे : कन्हदास, सोनार. राजाचे नाव नाही, कारागिराचे आहे!

थेरीगाथेतील पुण्णिका ही तर पाणी भरणारी दासी. कडाक्याच्या थंडीत नदीवर स्नान करून पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाला तिने प्रश्न विचारून निरुत्तर केले, आणि तिची गाथा त्रिपिटकात बसली. २० मार्च १९२७ रोजी महाडास चवदार तळ्याचे पाणी हाती घेणाऱ्या समाजाच्या मुलींना पुण्णिकेवर लिहिण्यास कोणाची परवानगी लागणार आहे? डोक्यावर हंडा घेतलेली स्त्री आपण रोज पाहतो. तिचे चित्र मुलाने काढावे, त्याखाली बहिणीने चार ओळी लिहाव्यात. पहिल्या ओळी कच्च्या असतील. त्याची लाज नको.

भाषेची अडचण पुष्कळांना वाटते. घरी अहिराणी, शाळेत मराठी, वंदनेत पाली; लिहावे कशात? विनयपिटकात याचे उत्तर आहे. ब्राह्मण कुळातील दोन भिक्षूंनी बुद्धवचन छंदोबद्ध भाषेत घालण्याची अनुज्ञा मागितली, तेव्हा तथागतांनी ती नाकारली आणि आपापल्या भाषेत धम्म शिकण्याची मुभा दिली. बोलीत लिहिलेले कमी प्रतीचे ठरते, असे म्हणणाऱ्याने असोद्याच्या बहिणाबाई चौधरींकडे पाहावे. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, गाणी उतरवून घेतली म्हणून १९५२ साली ती पुस्तकरूपाने निघाली. आपल्या घरातील आज्या जात्यावर ओव्या म्हणत आल्या. बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यांत आहेत. जाते बंद पडले, पण म्हणणाऱ्या काही ठिकाणी अजून आहेत. शाळेत जाणाऱ्या नातीने वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे. ओवी जशी आहे तशीच, शुद्ध न करता, लिहून घ्यावी.

बाबासाहेब १९३७ साली धुळ्यास आले होते, आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात त्यांचे वास्तव्य झाले. त्या स्मृतीसाठी दरवर्षी ३१ जुलै रोजी आपले लोक तेथे जमतात. साक्रीहून जे जातील त्यांनी हार-फुलांबरोबर एक वही आणि पेन्सिल न्यावी. वाडवडिलांनी त्या भेटीविषयी काय सांगितले, ते वृद्धांना विचारून टिपून घ्यावे. ज्याला रेखाटता येते त्याने बंगला रेखाटावा. परत आल्यावर येथील विहारात ते मोठ्याने वाचून दाखवावे, आणि जे ऐकतील त्यांनी चुका काढाव्यात.

जय भीम!