वृद्ध निवास : बांधणे आणि चालविणे
(विहाराच्या वर्धापनदिनी समितीच्या वतीने झालेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पवित्र स्मृतीस वंदन करून आम्ही विहार समितीच्या वतीने बोलतो आहोत. आज भाषणात शब्द कमी आणि हिशेब जास्त आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

गेले वर्षभर पौर्णिमेला वंदना झाली की एकच विषय निघतो. विहाराच्या मागे जी रिकामी जागा आहे, तिथे आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांसाठी निवास बांधावा. पोरं चाकणला, भोसरीला, कल्याणला गेली. ती वाईट आहेत असे नाही. त्यांच्या एका खोलीत त्यांचेच चार जण झोपतात, तिथे आईला कुठे ठेवतील? आणि आईलाही तिथे करमत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम असावा असे म्हटले आहे. पण आपल्या आजीला जिल्ह्याच्या गावचा वृद्धाश्रम नको आहे. तिला संध्याकाळी विहाराची घंटा ऐकू आली पाहिजे आणि शेजारीण "जेवलीस का" म्हणून विचारायला आली पाहिजे. म्हणून निवास इथेच हवा, याबद्दल समितीत दुमत नाही.

दुमत पैशाबद्दल आहे. देणगीचे पुस्तक छापा, पाया खोदा, पुढचे पुढे बघू, असे बऱ्याच जणांचे म्हणणे पडले. आम्ही अडून बसलो. का, ते सांगतो. याच विहाराला आपण मोठ्या हौसेने वाचनालयाची खोली बांधली. फरशी बसली, नामफलक लागला, देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली. वर्तमानपत्राचे बिल आणि लाईटचे बिल कोण भरणार हे मात्र कोणी विचारले नाही, आम्हीही नाही. आज तिथे मंडपाचे बांबू ठेवले आहेत. वाचनालय बंद पडले तर पुस्तके गप्प राहतात. निवास बंद पडला तर सत्तरीतल्या माणसाला गाठोडे घेऊन बाहेर पडावे लागेल, आणि तोवर त्याचे जुने घरही राहिलेले नसेल.

अनाथपिंडिकाने जेतवनासाठी जमिनीवर सोन्याची नाणी अंथरली, ही कथा आपण लेकरांना सांगतो. विशाखेची गोष्ट तितकी सांगत नाही. तिनेही श्रावस्तीला पूर्वाराम बांधला. पण विनयात असे येते की तिने भगवंतांकडे आठ वर मागितले, आणि त्यांत आजारी भिक्षूचे अन्न, त्याची शुश्रूषा करणाऱ्याचे अन्न, औषध, रोजची पेज असे सगळे रोजच्या खर्चाचे होते. आणि हे सारे तिने जन्मभर देण्यासाठी मागितले! शुश्रूषा करणाराच भिक्षेला गेला तर आजाऱ्याकडे कोण बघणार, हे त्या बाईने ओळखले होते. महिला मंडळाच्या भगिनींनी हा भाग वर्षावासात जरूर वाचून घ्यावा.

आता आपला हिशेब. आठ खोल्या, सगळ्या तळमजल्यावर, दहा माणसे. हे आकडे आम्ही बाजारात विचारून अंदाजाने धरले आहेत. जेवण माणशी दिवसाला ८० रुपये, म्हणजे महिन्याला २४,००० रुपये. स्वयंपाकाच्या बाईंचे ८,०००. रात्री उठबस करणाऱ्या माणसाचे १२,०००. वीज-पाणी ५,०००, साबण-फिनेल २,०००, औषध आणि दवाखान्याची रिक्षा ४,०००, आणि डागडुजीसाठी दरमहा बाजूला काढायचे ५,०००. शेवटचा आकडा लोक नेहमी गाळतात, आणि मग तिसऱ्या पावसाळ्यात छत गळते. एकूण ६०,००० रुपये, म्हणजे माणशी ६,०००. कोणी म्हणेल, आधी चारच खोल्या बांधा. पण रात्रीचा माणूस पाच जणांना लागतो तोच दहा जणांना लागतो. निवास लहान केला की माणशी खर्च वाढतो, कमी होत नाही.

येणे काय? आपल्या बहुतेक वृद्धांना निराधारचा किंवा श्रावणबाळचा पगार आहे, तो २०२३ पासून महिना १,५०० रुपये आहे. (योजनेचे नाव श्रावणबाळ, आणि बाळ चाकणला!) त्यातले ३०० रुपये माणसाच्या हातात राहिलेच पाहिजेत. नातवाला बिस्कीटपुडा घ्यायला दुसऱ्यापुढे हात पसरायला लावणे हा आमच्या मते अपमान आहे. तर सात जणांचे १,२०० प्रमाणे ८,४०० रुपये. ज्यांना पेन्शन आहे किंवा मुले पाठवू शकतात अशा तिघांकडून ७,५०० प्रमाणे २२,५०० रुपये. खोली तीच, ताट तेच, पंगत एकच; पैसे जास्त दिले म्हणून पहिला मान नाही. हे मान्य नसेल त्यांनी येऊ नये.

झाले ३०,९००. रस्त्याच्या बाजूला दोन गाळे काढले तर भाड्याचे ८,००० धरा. गाळा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने द्यायचा तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, हे तोंडी करार करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. तरी तूट उरते २१,१०० रुपये. वस्तीत १४० घरे आहेत. घरटी महिना १५० दिले, म्हणजे दिवसाला पाच रुपये, तर २१,००० होतात आणि हिशेब जुळतो.

कागदावर जुळतो! आपल्या वर्गणीचा अनुभव काय आहे? पहिल्या महिन्यात १४० पावत्या, सहाव्या महिन्यात साठ. साठच धरा. मग दरमहा १२,१०० रुपये, वर्षाला १,४५,२०० रुपये कमी पडतात. केंद्राच्या अनुदानाचे नाव पुष्कळ जण घेतात, पण त्या योजनेत किमान पंचवीस माणसांचा निवास लागतो. आपण दहाच. म्हणून समितीचे म्हणणे असे : पाया खोदण्याआधी वीस लाखांची ठेव. सात टक्के व्याज धरले तर वर्षाला १,४०,००० रुपये मिळतात. मुदलाला हात लावायचा नाही, जयंतीला डीजे हवा म्हणून तर मुळीच नाही. महागाई वाढत जाईल, व्याज तेवढेच राहील, म्हणून ठेवीत दरवर्षी भरही घालावी लागेल.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्या गल्लीतल्या एका आजींनी आम्हाला सांगितले, "माझं दोन खोल्यांचं घर विहाराच्या नावावर करून घ्या अन् मला मरेपर्यंत सांभाळा." त्यांच्या श्रद्धेपुढे आम्ही नतमस्तक झालो, पण नाही म्हटले. एक तर सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न झाल्यास त्याच २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली रद्द होऊ शकते. घर विकून आपण विटा घेतल्या असतील तर परत काय देणार? आणि कायदा नसता तरी, ज्या म्हातारीला परतायला घर नाही ती तक्रार करू शकत नाही. डाळ पातळ झाली तरी गप्प बसेल. त्यापेक्षा घर त्यांच्याच नावावर राहू द्या. भाड्याने दिले तर महिना दोन हजार येतील, ते त्यांच्या खर्चाला लागतील, आणि मन रमले नाही तर दार उघडून घरी जाता येईल. आजी आमच्यावर थोड्या रागावल्या आहेत. त्या इथे पुढेच बसल्या आहेत.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी सांगितले की आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा या कार्याला द्या. रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारा तो माणूस होता, आकडा उगीच बोलला नसेल. बारा हजार कमावणाऱ्याचा विसावा हिस्सा ६०० होतो. आम्ही १५० मागतो आहोत.

तेव्हा आजपासून दोन कामे सुरू होत आहेत. निवासाच्या ठेवीचे खाते बँकेत वेगळे उघडले आहे. तीन सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत, आणि जमेचा आकडा दर पौर्णिमेला फळ्यावर लिहिला जाईल. दुसरे, निवास होईपर्यंत एकट्या राहणाऱ्या नऊ जणांना दुपारचा डबा. त्यासाठी महिला मंडळाने पाळ्या लावल्या आहेत. वर्षभर डबा न चुकता पोहोचला, तर निवास चालवायची आपली ऐपत आहे असे आम्ही समजू. नाही पोहोचला तर पाया खोदायचा नाही.

वही दाराजवळच्या टेबलावर आहे. नाव, घर नंबर आणि दरमहा किती ते लिहा. जमणार नसेल तर आकडा लिहू नका, पाळी लिहा. बुधवार आणि शनिवारच्या पाळ्या अजून रिकाम्या आहेत.

नमो बुद्धाय! जयभीम!