यंत्राचा मालक आणि मजुराचा हात
(सुगीपूर्वीं गांवच्या सभेंत केलेलें भाषण)



सुगी तोंडावर आली. आतां मळणीयंत्रें धडधडूं लागतील, गुऱ्हाळें पेटतील. शाळामास्तरांनीं यंत्रांत कां पडावें, असें कोणी विचारील. यंत्रावर राबणाऱ्यांचीं मुलें आमच्याच वर्गांत बसतात. बापाचा हात तुटला कीं मुलाची शाळा सुटते, म्हणून आम्हांस बोलणें भाग आहे.

कै. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या गिरणीकामगारांची सभा भरवून सुमारें ५५०० सह्यांचा अर्ज केला. त्यांत एक मागणी अशी होती, कीं कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पुरा पगार मिळावा आणि जन्माचा अधू झाल्यास पोटगी मिळावी. नुकसानभरपाईचा कायदा होण्यास १९२३ साल उजाडलें!

तेव्हां मालक परका होता. आज खळ्यावरचा मालक कोण? आपणच! मग जें गिरणीमालकाकडे मागितलें, तें आपल्या मजुरास देण्यास आपण तयार आहों काय?

१९४८ च्या कायद्यानें यंत्रशक्तीवर चालणाऱ्या जागीं १० कामगार असले कीं कारखाना मानला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या २०२० च्या संहितेंत हा आंकडा २० आहे. आपल्या खळ्यावर माणसें पांचसात. तेथें कारखान्याचा तपासनीस कशाला येईल? पण यंत्राचे दांते माणसें मोजून चावत नाहींत. १९८३ चा धोकादायक यंत्रांचा कायदा मळणीयंत्र डोळ्यांपुढें ठेवूनच झाला, हें विसरूं नका.

म्हणून मालकांनीं इतकें करावें. पेंढी आंत सरकवण्याचा पत्र्याचा पन्हाळ किमान ९० सेंटिमीटर लांब असावा व त्यापैकीं ४५ सेंटिमीटर वरून झांकलेला असावा. म्हणजे हात ड्रमपर्यंत पोंचत नाहीं. पट्ट्यावर व चाकांवर लोहाराकडून जाळी बसवून घ्यावी. सैल बाही, लोंबता पदर, हातांतलें कडें घेऊन कोणासही यंत्रापाशीं उभें करूं नये. अडकलेला पेंढा यंत्र पूर्ण थांबल्याशिवाय काढूं नये. पोरांना जवळ फिरकूं देऊं नये.

कोणी म्हणतील, "मजूरच निष्काळजी!" दिवसभर राबवून रात्रीं पेंगत्या माणसास यंत्राच्या तोंडाशीं कोणीं उभें केलें? पाळी बदलणें आणि उजेडाची सोय करणें हें मालकाचें काम आहे. अपघात झाल्यावर चार पैसे हातावर ठेवून प्रकरण मिटवणें हा न्याय नव्हे.

जाळीचा खर्च एकदांच होतो. तुटलेल्या हाताचा खर्च एक घर जन्मभर सोसतें. उद्यांच आपलें यंत्र उघडून पाहा, आणि जाळी नसेल तर ती बसेपर्यंत तें चालूं करूं नका. एवढीच आमची विनंती आहे.