संशयाच्या आखाड्यात नरसिंग

मसोलीहून बोलतोय. मागच्या वेळी बॅरी बाँड्सचा विषय अर्धवट राहिला होता. ७६२ होमरन, पण मैदानोमैदानी हुर्यो. १९९८ मध्ये मार्क मॅग्वायरच्या लॉकरमध्ये बाटली दिसली, तेव्हा मात्र लोक बातमी देणाऱ्यावरच उखडले. एक काळा, एक गोरा.

आपल्याकडे नरसिंग यादव घ्या. मूळ उत्तर प्रदेशचं घर, वडील मुंबईत दूध घालायचे. पोरगा तीनदा महाराष्ट्र केसरी! २०१५ च्या जागतिक ब्राँझनं रिओचा कोटा त्यानंच आणला. मग सुरू झालं, मुंबईचा नरसिंग की दिल्लीचा सुशील? रंग नाही, पण प्रांत होताच ना.

जून २०१६ च्या चाचणीत मेथँडिएनोन सापडलं. चॅनेलवर तो आधी दोषी, मग जेवणातल्या भेसळीचा बळी. १ ऑगस्टला नाडानं सोडलं. १८ ऑगस्टला, म्हणजे कुस्तीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादानं चार वर्षांची बंदी घातली. भेसळीचा पुरावाच नाही, म्हणाले. अंगात औषध किती होतं नि ते गोळीनंच गेलं का, ही खरी चर्चा तिथं झाली. टीव्हीवर नुसता कट-कारस्थानाचा धुरळा.

नरसिंगची कुस्ती कुणी प्रत्यक्ष पाहिली असेल, तर व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवा. पुढच्या वेळी ऐकवतो.