हिशेब भिंतीवर लावू या

आज बोलायचंय ते पैशाबद्दल. सरकारकडून गावाला येणाऱ्या आणि आपल्या गटाला मिळालेल्या पैशाबद्दल.

मागच्या वर्षी आम्ही महिला ग्रामसभेत विचारलं, "पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे किती आले?" उत्तर मिळालं, "आले आणि खर्चही झाले." आम्ही गप्प घरी आलो. पण मन मानेना. त्या निधीतले शंभरातले ६० रुपये पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचे होते, हे आम्हाला प्रशिक्षणात कळलं होतं. आणि पाण्यासाठी वणवण तर आमचीच!

मग आम्ही माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. हा कायदा २००५ सालचा. साध्या कागदावर अर्ज लिहायचा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा. दारिद्र्यरेषेखालच्या बाईनं दाखल्याची प्रत जोडली की फी नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही आलं तर अपील करता येतं. अर्जाची पोच मात्र न विसरता घ्यायची. खरं तर या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कुठल्या योजनेत किती पैसे आले, लाभ कुणाला मिळाला, हे कार्यालयानं कुणी न मागताच जाहीर करायचं असतं.

कागद आले. त्यात विहिरीजवळचा धुण्याचा ओटा 'काम पूर्ण' असा लिहिलेला! आम्ही तर आजही दगडावरच धुणं आपटतो. ग्रामसभेत आम्ही तो कागद मोठ्यानं वाचला. सभा शांत झाली.

तेवढ्यात मागून एक आजोबा म्हणाले, "बायांनो, बरं केलंत. पण तुमच्या गटालाही सरकारचा फिरता निधी मिळालाय ना? त्याचा हिशेब कुठं लावलाय?"

आमच्या माना खाली गेल्या. वही होती, पण तीन महिन्यांच्या नोंदी राहिल्या होत्या. पैसे कुणी खाल्ले नव्हते, पण ते दाखवणार कशावरून? पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र हिशेबाचं, आणि तेच आम्ही मागं टाकलं होतं. काहीजणी चिडल्या, "आमचं घरातलं कर्ज गावाला कशाला दाखवायचं?" त्यांचंही बरोबर होतं. शेवटी असं ठरलं, की कुणी किती उचललं ते गटाच्या वहीत राहील. निधी किती आला, कर्जात किती आहे, बँकेत किती शिल्लक आहे, एवढं समाजमंदिराच्या भिंतीवर लागेल. दोन रात्री बसून वही पुरी केली आणि तक्ता लावला.

त्यानंतर आमचा आवाज बदलला. पुढच्या ग्रामसभेत आम्ही म्हणालो, "आमचा तक्ता लागला, आता पंचायतीचा लावा." या वेळी कुणी हसलं नाही. ओट्याचं काम सुरू झालंय. अजून पुरं नाही, म्हणून आम्ही दर आठवड्याला जाऊन बघतो.

मैत्रिणींनो, वर्षात किमान चार ग्रामसभा होतात आणि त्याआधी महिलांची सभा असते. पुढच्या सभेला जाताना दोन गोष्टी न्या: आपल्या गटाची पुरी लिहिलेली वही आणि एक प्रश्न, "गावाला किती आले, कशावर गेले?" प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या, मगच सही करा.

बरंय, भेटू पुढच्या भागात. नमस्कार.