आधी विचारा, मग ठरवा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विषय आहे वन्यप्राण्यांच्या रक्षणाचा. हळदीकुंकू सोडून बाईंनी आज हे काय काढले, असे कोणाच्या मनात आले असेल, तर तिला मी दोष देणार नाही. परंतु घरात निर्णय एकाने घ्यायचा आणि त्याची झळ दुसरीने सोसायची, ही रीत आपणा सर्वांना ठाऊक आहे. वन्यप्राण्यांच्या बाबतीतही पुष्कळदा असेच घडते. नियम करणारे दूर राहतात आणि किंमत मोजणारे आपल्या शेजारी.

कासवाचेच पाहा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने समुद्री कासवाला संरक्षण आहे. पण कासव काही कायदा वाचून जाळ्याबाहेर राहत नाही. ते अडकले म्हणजे जाळे कापावे लागते, आणि जाळे कापले म्हणजे त्या मांगेल्याच्या घरी ओढग्रस्त सुरू होते. टोपली घेऊन बाजारात बसणाऱ्या बाईपुढे त्या दिवशी विकायला काही नसते. कित्येक वर्षे ही तूट त्या एकट्या घराने सोसली. अखेर डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरविले, की संरक्षित प्राणी सोडविण्यासाठी जाळे कापावे लागले, तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यावी. कासव सर्वांचे, तर त्याचा खर्चही सर्वांचा, हा यातला न्याय.

शेजारच्या गुजरातेत व्हेल शार्क या प्रचंड पण निरुपद्रवी माशाची शिकार होत असे. २००१ साली कायद्याने ती बंद झाली. परंतु पुढे २००४ पासून तेथील कोळ्यांना सोबत घेऊन काम सुरू झाले. मोरारी बापूंनी त्या माशाला माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली. जाळ्याची भरपाईही मिळू लागली. तेव्हापासून कोळ्यांनी स्वतःची जाळी कापून असे शेकडो मासे सोडले. दंडाच्या जोडीला मान आणि भरपाई आली, म्हणून हे घडले.

आता जंगलाकडे वळू. आपल्या डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर वाघोबाची ठाणी आहेत. वारली बांधव दिवाळीच्या सुमारास वाघबारस करतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत अशी १५० ठाणी नोंदली गेली. कोंबडी गेली, शेळी गेली, तरी बिबट्याला शेजारी मानून राहण्याची ही जुनी समजूत आहे. ज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्यांना वगळून बिबट्याविषयी बैठक घ्यावी, हे शहाणपणाचे नव्हे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ही गोष्ट मान्य केली. आपले सामूहिक वन आणि त्यातील वन्यजीव राखण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळाला. वन्यप्राण्यांसाठी एखाद्या गावाला उठवायचे झाले, तर ग्रामसभेची लेखी संमती हवी. आणि भगिनींनो, हे ध्यानात ठेवा: वनहक्काच्या सभेत हजर असलेल्यांपैकी निदान एक तृतीयांश बायका असल्या पाहिजेत, असा २०१२ पासूनचा नियम आहे. आपण गेलो नाही, तर सभाच पुरी होत नाही!

कोणी म्हणेल, सर्वांना विचारत बसले तर काम कधी व्हायचे? शिवाय सर्वांनी मिळून चुकीचे ठरविले तर? ही शंका खरी आहे. मुक्या प्राण्याला मत नसते. म्हणून कायद्याची मर्यादा हवीच. पण न विचारता केलेला नियम कागदावर राहतो, आणि रात्री समुद्रात जाळे ओढताना तेथे कोणी पहारेकरी नसतो.

वाढवण बंदराचे उदाहरण तर समोरच आहे. १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये बंदराला नकार दिला. २०२३ मध्ये प्राधिकरणाची संमती आली, २०२४ मध्ये केंद्र सरकारची मान्यता मिळाली. पुष्कळ मच्छीमारांनी विरोध केला. आपल्यातही दोन मते असतील. त्या वादात मी आज शिरत नाही. एवढेच म्हणते, की ज्यांची जाळी त्या पाण्यात पडतात, त्यांना निर्णय नुसता कळवू नये; आधी विचारावे.

आता आपले काम. ज्या खेड्यापाड्यांत राहतात, त्यांनी ग्रामसभेला जावे, आणि नुसते सही करून परतू नये. ज्या नगरपरिषदेच्या हद्दीत आहेत, त्यांनी तेथील जैवविविधता समितीत कोण बसते, काय ठरते, याची चौकशी करावी. बाजारात मासळी घेताना त्या बाईला विचारावे, गेल्या मोसमात जाळे फाटले का, भरपाई मिळाली का? मिळाली नसेल, तर अर्ज लिहून देण्याइतक्या शिकलेल्या बायका या मंडळात खचित आहेत.

या तालुक्यातील प्रत्येक सभेत आपली एक तरी भगिनी बोलती दिसो.